सात नंबरचा सायलेन्सर

७४ डेसिबल. तिघांचं एकदम बोलणं.

सात नंबरची जागा रिकामी होती.

जाळीच्या कपाटात एक ते सहा नंबरच्या पोलादी नळ्या ओळीने उभ्या होत्या. सातव्या खाचेवर नुसती चिठ्ठी लटकत होती. कुलूप शाबूत होतं, जाळी कुठे फाटलेली नव्हती, आणि किल्ली कारखान्यात एकाच माणसाकडे असे.

तो माणूस भिंतीला टेकून उभा होता. ज्योतीराम. लातूरकडून आलेला फिटर, वय तिशीचं, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. बाकीचे तिघं बोलत होते आणि तो मधूनच "बरं" म्हणत होता. बाकीचे म्हणजे कारखान्याचे मालक सोपानराव, कारकून चिमाजी आणि बंदूक चालवणारा भैरू.

मी इंदू. पुण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. त्या सकाळी मी चिंचवड स्टेशनवर उतरून दीड मैल चालत आले ती फक्त कॉलेजचा आवाजाचा मीटर परत न्यायला. सोपानरावांनी तो चार महिन्यांसाठी मागून आणला होता. शेतीच्या ऑइल इंजिनांचे सायलेन्सर बनवणाऱ्या या कारखान्याला सत्तावन्न साली एक वेगळंच काम मिळालं होतं. लष्कराला रायफलचा आवाज दाबणारी नळी हवी होती. जमली तर मोठी ऑर्डर.

आणि जमली होती. दसऱ्याच्या दिवशी सात नंबरच्या नळीने चमत्कार केला. सोपानरावांनी लगेच तार ठोकली की आवाज चौतीस डेसिबलने उतरला. आज दुपारी चार वाजता मेजरसाहेब ती बघायला येणार होते.

सोपानरावांनी मला थोडक्यात सगळं सांगितलं. दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी ज्योतीरामला नळी कपाटात ठेवायला सांगितलं. काल सुट्टी होती. आज सकाळी जाळीतून पाहिलं तर जागा रिकामी. त्यांनी ज्योतीरामकडून किल्ली काढून घेतली, कपाटाला हात लावायचा नाही असं सर्वांना बजावलं, आणि ठरवून टाकलं की चारच्या ठोक्याला मेजरसाहेबांसमोर ज्योतीरामला पोलिसांच्या हवाली करायचं. लष्कराचा माल आहे. पाच-सात वर्षांची निश्चिंती.

मी ज्योतीरामला विचारलं, नळी कपाटात ठेवली होती का.

"ठेवली होती बाई," तो म्हणाला. "कुलूप लावलं होतं."

मी सोपानरावांकडे चारपर्यंतचा वेळ मागितला. तुम्ही मीटर न्यायला आलात ना, असं ते म्हणाले. मी म्हटलं, आधी मीटर बघते, मग तुमची माणसं बघते.

३८. रिकामी खोली, पेटीची कडी.

मीटरची पेटी शेडच्या कोपऱ्यात होती. वाटेत दिसलं की कारखाना अजून दसऱ्यातच आहे. लेथवर हळदीकुंकवाची बोटं, शेगड्यावर, हातोड्यांच्या दांड्यांवर, तेलाच्या डब्यावर, दाराच्या कडीकुलपावर. खंडेनवमीला सोपानरावांच्या आई गोजाबाई स्वतः प्रत्येक हत्याराची पूजा करतात. पुजलेलं कुणी पुसत नाही. ते आपोआप झडेपर्यंत राहू देतात.

पेटी उघडली. मीटर ठीक होता. त्याचा मायक्रोफोन, म्हणजे दांडीच्या टोकाला बारीक जाळी असलेला गोल भाग, मखमलीच्या खळग्यात निजलेला होता. लख्ख. इतका लख्ख मी दिलाही नव्हता. नाकाजवळ नेला तर स्पिरिटचा वास आला.

खळग्याची मखमल निळी आहे. तिच्यावर एके ठिकाणी पिवळा डाग होता, आणि डागाच्या मधोमध लाल टिपका.

मी मीटर चालू केला आणि दिवसभर बरोबर ठेवला. या मजकुरात ठिकठिकाणी आकडे दिसतील ते त्याने दाखवलेले आहेत; पहिले दोन मी नंतर तसेच आवाज मोजून वर घातले.

अख्ख्या कारखान्यातली एकच वस्तू कुणीतरी पुसली होती. ती माझी होती.

वहीचं पान

चाचण्यांची वही चिमाजी लिहायचा. पहिला रकाना नळीचा नंबर. दुसरा ऑइल इंजिनाचा आवाज, दहा पावलांवरून. तिसरा रायफलचा बार, पन्नास पावलांवरून.

नुसती रायफल : ९२ : ११८
१ : ९२ : ११७
२ : ९२ : ११५
३ : ९१ : ११५
४ : ९२ : ११२
५ : ९२ : ११३
६ : ९२ : १११
७ : — : ८४

इंजिनाचा रकाना मीच पाडायला लावला होता. तेच इंजिन, तेच अंतर, म्हणजे आकडाही तोच यायला हवा. आला नाही तर मीटर बिघडलाय असं समजायचं आणि त्या दिवशी बंदुकीला हात लावायचा नाही.

सातव्या ओळीत आडवी रेघ होती.

८१. भैरूचं साधं बोलणं.

भैरू चाकणचा. महायुद्धात तोफखान्यावर होता, तिथेच कान गमावून आला. त्यामुळे तो बोलतो ते शेजारच्या शिवारात ऐकू जातं. मी प्रश्न पाटीवर लिहिणार होते, पण त्याला वाचता येत नव्हतं. शेवटी ओठ हळू हलवून विचारलं, तेव्हा समजला.

त्याच्याविषयी चिमाजीने आधीच माझ्या कानात सांगून ठेवलं होतं. भैरूचा मेहुणा खेडच्या पलीकडे डोंगरात राहतो आणि रानडुकरं मारतो. परवानगी नसताना. बिनआवाजाची बंदूक अशा माणसाच्या किती उपयोगी पडेल याचा विचार करा बाई.

मी भैरूला सरळ तेच विचारलं. तो रागावला नाही. मेहुण्याची बंदूक ठासणीची आहे, तिच्या तोंडाला ही नळी बसवायची म्हणजे बैलाला चष्मा लावायचा, असं काहीसं म्हणाला आणि स्वतःच हसला.

मग दसऱ्याच्या चाचणीबद्दल विचारलं. मोशीच्या वाटेवरच्या जुन्या दगडखाणीत ती झाली होती. सीमोल्लंघनाच्या दिवशी हत्यार चाललंच पाहिजे असा भैरूचाच आग्रह होता. त्याने एक बार काढला. ज्योतीरामने काटा बघितला आणि खाली बसला. सोपानरावांनी येऊन ज्योतीरामच्या गळ्यात झेंडूची माळ घातली.

तुम्हाला आवाज कमी वाटला का, मी विचारलं आणि लगेच वाटलं, कुणाला विचारतेय मी हे.

"आमाला काय वाटनार बाई," भैरू म्हणाला. "आमाला ऐकू न्हाई येत, पर दिसतंय की. खानीच्या कपारीत पारवं हायती. बार झाला की उडत्यात, वढ्यापल्याडच्या वडावर जाऊन बसत्यात. मी तेच बगतो."

आणि सात नंबरला?

"गेली की. वडापतुर."

तेवढीच लांब?

हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हळू बोलला. "तेवढीच."

५८. चिमाजी, टाकाचा आवाज धरून.

चिमाजी पुनावळ्याहून सायकलवर येतो. अक्षर मोत्यासारखं, चेहरा सतत अपमान झाल्यासारखा. टेबलाचा खण त्याने माझ्यादेखत दोनदा बंद केला, म्हणून मी तो उघडायला लावला. आत मुंबईच्या एका कारखान्याचं पत्र होतं. चिमाजीने तिथे नोकरीसाठी अर्ज केला होता आणि अर्जात लिहिलं होतं की मला लष्करी कामाचा अनुभव आहे.

त्याचं म्हणणं असं की अर्ज करणं हा काही गुन्हा नाही. मी म्हटलं, नाही. पण मुंबईच्या कारखान्यालाही लष्कराची हीच चौकशी गेलेली असेल, तर नळी बरोबर नेणारा कारकून त्यांना जास्त आवडेल. चिमाजी पांढरा पडला. तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी तो घरी होता, बायकोचा भाऊ आला होता, पन्नास माणसं सांगतील.

सातव्या ओळीत रेघ का, हे विचारल्यावर मात्र तो सावरला. त्यात त्याला काहीच लपवायचं नव्हतं.

"खंडेनवमीला पुजलेलं इंजिन दसऱ्याला कोण चालू करेल, बाई? दुसऱ्या दिवशी चालू करतात. माझ्या आजोबांनी मोट सुद्धा धरली नाही त्या दिवशी."

पण रायफल चालवली.

"रायफल शस्त्र आहे," चिमाजी म्हणाला. मला एवढंही कळत नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं.

तीन उत्तरं, तिन्ही चुकीची

दुपारचे बारा वाजले होते. माझ्यापुढे तीन उत्तरं होती.

भैरूने नळी मेहुण्यासाठी नेली. पण मग मायक्रोफोन पुसायचं भैरूला काय कारण? त्याने मीटरला कधी हातही लावलेला नाही.

चिमाजीने नळी मुंबईसाठी नेली. पण पुन्हा तेच. चोर नळी नेतो, पेटी उघडून देवाचं कुंकू पुसत बसत नाही.

तिसरं उत्तर सोपानरावांचं, म्हणजे ज्योतीरामने ती विकण्यासाठी नेली. पण ज्योतीरामला ती विकायची गरजच नव्हती. त्याच्या डोक्यात ती होती. उद्या दुसरीकडे जाऊन आठवी बनवता आली असती.

तिन्ही उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि तिघांनाही ती सांगितली होती माझ्याच मीटरने. सात नंबर चांगला आहे, ही.

५५. गोजाबाई, जात्यापासून दूर बसून.

गोजाबाई कारखान्यामागच्या घरात राहतात. ही सगळी जमीन एकेकाळी त्यांच्या सासऱ्यांच्या बाजरीची. त्यांनी मला ताक दिलं आणि मी काही विचारायच्या आत माझंच सगळं विचारून घेतलं. लग्न, माहेर, पगार नाही, पण जेवण वेळेवर होतं का ते.

पूजेबद्दल त्या मन लावून बोलल्या. तेहतीस हत्यारं. एकेकाला पाणी, गंध, हळदीकुंकू, फूल. सुक्या कुंकवाने भागत नाही, उडून जातं. म्हणून त्या ओलं कालवतात, तेलाचं बोट घालून, घट्ट. मग ते महिनाभर हलत नाही.

मीटरचीही केलीत का पूजा?

"त्याची पयली केली," त्या म्हणाल्या. "ते पेटीतलं कणसावाणी हाय ना, त्याच्या तोंडाला चांगलं भरून लावलं. पुन्याहून आलेलं, कालिजातलं. लोकाचं म्हनून कमी करायचं व्हय?"

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

पुढचा प्रश्न विचारताना मला उत्तर माहीत होतं, फक्त ऐकायचं होतं. काल, सुट्टीच्या दिवशी, शेडमधून काही आवाज आला का?

इंजिन वाजलं, त्या म्हणाल्या. थोडकंच. मग बंद पडलं. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग पुन्हा वाजलं, तेवढंच, आणि बंद. त्यांना वाटलं, कुणीतरी मुहूर्ताला चालू करून बघतंय.

आकडा नाही. मीटर बंद करून लिहिलेलं.

हे मी आधीच सांगायला हवं होतं.

चार महिन्यांपूर्वी मीटर देताना मी इथे सर्वांना अर्धा तास शिकवलं. बार काढताना कानात कापसाचे बोळे घाला. कानावर विश्वास ठेवू नका. कान फसवतात, थकतात, आपल्याला हवं ते ऐकतात. फक्त काट्यावर विश्वास ठेवा.

त्यांनी ठेवला. दसऱ्याच्या दिवशी खाणीत दोन गडी धरून सहा माणसं होती आणि सहाच्या सहांच्या कानांत कापूस होता, भैरूच्याही, उगाच. आवाज ऐकणारं तिथे कुणीच नव्हतं. ऐकणारी एकच वस्तू होती आणि तिच्या तोंडात गोजाबाईंनी मुठीने कुंकू भरलं होतं.

सात नंबर चमत्कार नव्हता. मीटर बहिरा होता.

आता प्रश्न बदलला. चांगली नळी कोण चोरेल, हा प्रश्नच नव्हता. वाईट नळी नाहीशी झालेली कुणाला हवी होती? काल कुणीतरी इंजिन चालू केलं, ब्याण्णवऐवजी काहीतरी भलतंच आलं, त्याने मायक्रोफोन पाहिला, पुसला, पुन्हा इंजिन चालू केलं आणि ब्याण्णव आलं. इंजिनाच्या आकड्याचा अर्थ कळणारी तीनच माणसं कारखान्यात होती. आकडे लिहिणारा चिमाजी. आकडे वाचणारा ज्योतीराम. आणि तार ठोकणारे सोपानराव, ज्यांची उद्या सगळ्या पुण्यात नाचक्की होणार होती.

सोपानराव काल कुठे होते? त्यांनीच सांगितलं होतं, पाहुण्यांना सोनं द्यायला गावोगाव. एकटे. मोटारसायकलवर.

४२. कपाटासमोर, श्वास धरून.

अडीच वाजता मी पुन्हा कपाटाजवळ गेले. सोपानराव बरोबर आले. मी त्यांना कालचा दिवस तासातासाने विचारला आणि ते चिडले. त्यांचं म्हणणं, त्यांनी या कामासाठी विहिरीचं काम थांबवलं, भावकीचे टोमणे खाल्ले, पंप दुरुस्त करणारा मिस्त्री लष्कराची रायफल गप्प करणार म्हणून सगळं चिंचवड हसलं, तरी त्यांनी ज्योतीरामला इंजिनिअर म्हणायला सुरुवात केली. त्याचं हे फळ.

चिडलेला माणूस खरं बोलतो असं नाही. म्हणून मी त्यांच्याकडे बघणं सोडून कुलपाकडे पाहिलं.

सकाळपासून सगळे या कुलपाबद्दल बोलत होते. ते शाबूत आहे, तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीवाला चोर. प्रत्येकाने ते पाहिलं होतं आणि प्रत्येकाला त्यावर कुंकू दिसलं होतं, जसं ते शंभर ठिकाणी होतं.

गोजाबाईंच्या हाताचं ते कुंकू कोयंड्यावरून निघून कडीवरून कुलपावर उतरलं होतं. जाड, तेलकट, वाळून कडक झालेलं. एकसंध. कुठेही तडा नव्हता. कडी केसभर हलली असती तरी ते पोपडा होऊन पडलं असतं.

हे कुंकू खंडेनवमीचं. सात नंबरची नळी कपाटात ठेवली म्हणतात ती दसऱ्याच्या संध्याकाळी.

म्हणजे खंडेनवमीनंतर हे कपाट कुणी उघडलेलंच नव्हतं. नळी आतून चोरीला गेली नाही, कारण ती आत कधी ठेवलीच नव्हती. आणि ठेवली होती, कुलूप लावलं होतं, असं सकाळी मला माझ्या तोंडावर एकाच माणसाने सांगितलं होतं.

सोपानरावांना मी काही बोलले नाही. फक्त किल्ली खिशातच ठेवा म्हटलं.

३५. लेथ बंद, ज्योतीराम आणि मी.

ज्योतीराम त्याच्या लेथजवळ स्टुलावर बसला होता. मी दुसरं स्टूल ओढलं आणि मीटर दोघांच्या मध्ये ठेवला. मग त्याला सगळं क्रमाने सांगितलं: मखमलीवरचा डाग, वहीतली रेघ, पारवे, दोनदा वाजलेलं इंजिन, न तुटलेलं कुंकू. ऐकताना त्याची मान हळूहळू हलत होती, जशी दुसऱ्याने केलेलं चोख काम बघताना कारागिराची हलते.

पहिल्यांदा इंजिन लावलं तेव्हा किती आलं, मी विचारलं.

"सदुसष्ट," तो म्हणाला.

पंचवीस खाऊन टाकले होते कुंकवाने. चौऱ्याऐंशी अधिक पंचवीस, एकशे नऊ. सात नंबरचा खरा आकडा. सहा नंबरपेक्षा दोनच कमी.

नळी कुठे आहे, विचारल्यावर त्याने लेथखालच्या पिंपाकडे बोट केलं. लोखंडाच्या किसाने भरलेल्या पिंपात, तळाशी. दसऱ्याच्या संध्याकाळी त्याला ती कपाटात ठेववली नव्हती. उशाशी घेऊन झोपला होता. काल सकाळी उठला आणि वहीतली रेघ त्याला खुपायला लागली. एवढीच एक रेघ राहिली आहे, ती भरून टाकावी म्हणून त्याने इंजिन चालू केलं.

मला एक गोष्ट कळत नव्हती आणि ती मी विचारली. खरं सांगितलं असतं तर फार तर हसले असते लोक. चोरीचा आळ घेतला तर तुरुंग. हा कसला हिशेब?

तो हातावरचे डाग चोळू लागला.

"बाई, माझी शाळा सातवीपर्यंत. आवाज कोंडला की फोडून निघतो, त्याला वळणं देऊन दमवायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नाही, इंजिनाच्या धुराड्यात डोकं घालून कळलंय. लोक हसायलेत तरी करायलो. परवा माळ पडली गळ्यात. आता मी सांगू, की ती कुंकवाची करामत होती?" तो थांबला. "मी चोर म्हणून गेलो तर जाऊ द्या. नळी तर खरी राहील. लोक म्हणतील, चौतीसची नळी होती, नेली लातूरच्या ज्योतीरामनं."

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, की यात अर्धी चूक माझी आहे. कान बंद करा असं सांगणारी मी, आणि माझी चूक मी मेजरसाहेबांसमोर सांगणार आहे. दुसरी, की सातवीच्या पुढे न शिकता एका रेघेपायी ज्याला चैन पडत नाही, असा माणूस आमच्या कॉलेजात मला अजून भेटायचा आहे.

"चारपर्यंत मी कुणाला काही सांगणार नाही," मी म्हटलं. "चार वाजता सांगेन. त्याच्या आधी तुम्ही बोललात तर तो शोध तुमचा. नंतर बोललात तर माझा."

तीन वाजता तो उठला. पिंपाजवळ गेला नाही, सरळ दाराबाहेर गेला. मी त्याला थांबवलं नाही.

१०९

मेजरसाहेबांना चाचणी बघायला खाणीतच बोलावलेलं होतं. जीप आली तेव्हा चारला पाच मिनिटं होती. मेजरसाहेब बेळगावकडचे निघाले, मराठी बोलणारे, उन्हाने रापलेले, कमी शब्दांचे. सोपानरावांनी हात जोडले. फौजदार त्यांच्या मागेच उभा होता. चिमाजीने वही छातीशी धरली होती. ज्योतीरामचा पत्ता नव्हता, आणि सोपानराव मला डोळ्यांनी विचारत होते की आता कसं.

"साहेब," सोपानरावांनी सुरुवात केली, "एक वाईट गोष्ट घडली आहे."

खाणीच्या कडेवरून बैलगाडीची चाकं वाजली. गाडीवर ऑइल इंजिन बांधलेलं होतं, आणि इंजिनाला पाठ टेकून ज्योतीराम. ओंजळीत सात नंबरची नळी, किसाचे तुकडे अजून तिला चिकटलेले.

तो खाली उतरला. सोपानरावांकडे न बघता मेजरसाहेबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की चोरी झालेली नाही, नळी त्याने लपवली होती, आणि तारेतला आकडा चुकीचा आहे. सोपानरावांचा चेहरा मला पुढे कित्येक दिवस आठवत होता. फौजदार एक पाऊल पुढे आला. मेजरसाहेबांनी त्याला नुसता हात केला.

"चुकीचा म्हणजे किती?"

"मोजून दाखवतो," ज्योतीराम म्हणाला.

त्याने इंजिन उतरवून घेतलं, दहा पावलं मोजली, हँडल मारलं. काटा ब्याण्णववर थांबला. चिमाजीने न सांगता लिहिलं. मग भैरूने नळी रायफलला बसवली. ज्योतीराम सर्वांकडे वळला आणि म्हणाला, कानात कुणी कापूस घालू नका. मेजरसाहेबांनी टोपी काढून काखेत धरली, जणू त्यानेही ऐकायला अडचण होते.

बार झाला. मोठा होता. तो मोठा होता हे भैरू सोडून तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं.

मेजरसाहेब मीटरवर वाकले.

"एकशे नऊ," ते म्हणाले. "तारेत आवाज चौतीसने कमी झाल्याचं होतं."

मी पुढे झाले. माझं वाक्य तयार होतं. पण ज्योतीरामने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून मी थांबले.

"ते चौतीस माझे नव्हते साहेब," तो म्हणाला. "नऊ माझे आहेत."

मग मेजरसाहेबांनी विचारलं की चूक कशी सापडली, आणि ज्योतीराम सांगू लागला. गोजाबाईंचं कुंकू, रेघ, सदुसष्ट, स्पिरिट, ब्याण्णव. हातांनी हवेत आकृत्या काढत तो पाव तास बोलला. कानांच्या बोळ्यांचा माझा दोष मी मधेच सांगून टाकला. कुंकवाच्या ठिकाणी मेजरसाहेब हसले, मग हसायचे थांबले आणि तो भाग त्यांनी पुन्हा विचारला. सोपानराव एका दगडावर बसून सगळं ऐकत होते. अर्ध्यात ते उठले, फौजदाराजवळ गेले आणि त्याला म्हणाले की आपण जावं, तक्रार नाही.

शेवटी मेजरसाहेबांनी खिशातून छोटी वही काढली.

"आणखी नऊ कधी देता? तारीख सांगा, लिहून घेतो."

"लिहू नका अजून," ज्योतीराम म्हणाला. "आधी करतो. मग मोजतो. मग सांगतो."